हाक आणि ओ

धाकटीने दिलेल्या सहाच्या आकड्यावरून हिरवी रेघ ओढून ताईने शेजारी शून्य काढलं, शून्याखाली सही ठोकली आणि उत्तरपत्रिका गठ्ठ्यावर पालथी टाकली. पुढचा पेपर उचलायला तिने हात लांबवला, तर त्या पेपरावर धाकटीचा पंजा.

"मॅडम, ते उत्तर बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

"मॉडेल आन्सरशी जुळत नाही, मॅडम."

"जुळत नाही आणि चूक आहे, यात फरक असतो की नाही?"

"हात काढा."

सख्ख्या बहिणी दोघी, एकाच घरात राहणाऱ्या. सकाळी एकाच डब्यात पोळ्या भरून आलेल्या. पण पेपर तपासणीच्या हॉलमध्ये एकमेकींना मॅडम म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं, असं ताईने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. ताई मुख्य नियामक होती. तपासनीस लाल पेनाने मार्क देणार, ती ते हिरव्या पेनाने पडताळणार, आणि हिरव्यापुढे लाल चालत नाही. उद्या कुणी म्हणायला नको की मोठी बहीण धाकटीचं चालवून घेते. चालवून कसलं घेते! हॉलमधल्या सगळ्या तपासनिसांत हिरव्या रेघा सर्वात जास्त कुणाच्या वाट्याला येत असतील, तर त्या धाकटीच्या.

धाकटीने हात काढला, पण ती हलली नाही.

हॉल म्हणजे मुळात यंत्रांची चित्रं काढायला शिकवायची खोली. टेबलं सगळी उतरती, त्यामुळे दर थोड्या वेळाने कुणाचं तरी लाल पेन घरंगळत जाऊन फरशीवर पडायचं आणि कुणीतरी टेबलाखाली वाकून ते शोधायचं. खिडकीजवळच्या टेबलावर फटाफट सर बसले होते. हे नाव त्यांना सगळ्यांनी मिळून दिलेलं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. डाव्या हाताने पान उलटणं आणि उजव्या हाताने मार्क देणं यांत त्यांची नजर कधी पानावर पडते, हे कोडं कुणाला सुटलं नव्हतं.

"नापासांचा पेपर आहे हो," ते मान वर न करता म्हणाले. "जुना अभ्यासक्रम. वर्षानुवर्षं गटांगळ्या खाणारी पोरं. यांच्यासाठी कशाला डोकं शिणवायचं? जुळलं तर मार्क, नाही जुळलं तर भोपळा. पुढे चला."

"ही त्यांची शेवटची संधी आहे, सर," धाकटी म्हणाली. "यंदा सुटले तर सुटले. यानंतर हा अभ्यासक्रमच बंद. म्हणजे पदविका कायमची गेली."

"मग अभ्यास करायचा होता."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फटाफट सरांवर राग काढणं म्हणजे फुकटची दमणूक. तिने पालथा पेपर उचलला, सरळ केला आणि ताईच्या समोर धरला.

"मॅडम, मी मोठ्याने करून दाखवू का? का मुख्य नियामकांना कॉस आणि साइन आठवत आहेत अजून?"

दोन-तीन माना वर झाल्या. ताईच्या कपाळावरची शीर उठली. घरात ती शीर दिसली की धाकटी आपणहून भांडी घासायला जायची. आज ती तिथेच उभी राहिली.

"बोला."

प्रश्न साधा होता. एक डिफरन्शियल इक्वेशन, पहिल्या पायरीचं: डीवाय बाय डीटी अधिक वाय बरोबर कॉस टी. दोन्ही बाजूंना ई-रेज-टू-टीने गुणायचं, डावी बाजू गोळा होते, उजवीकडे इंटिग्रेशन करायचं, शेवटी सी विसरायचा नाही. मॉडेल आन्सरमध्ये छापलं होतं, अर्धे गुणिले कंसात कॉस टी अधिक साइन टी, पुढे सीची शेपटी. या पोराने, किंवा पोरीने, सगळ्या पायऱ्या तशाच केल्या होत्या. फक्त शेवटच्या ओळीत कॉस आणि साइन यांची मोट बांधून एकच कॉस लिहिला होता: एक छेद रूट दोन, कॉस, कंसात टी वजा पाय छेद चार. आणि पुढे तीच सीची शेपटी.

"कंस उघडा," धाकटी म्हणाली. "कॉस ए वजा बीचं सूत्र लावा. दोन ओळींत तुमचं मॉडेल आन्सर येतं की नाही? एकच वस्तू आहे ती. एकाने सुटे पैसे दिले, दुसऱ्याने नोट दिली. तुम्ही नोट देणाऱ्याला चोर म्हणताय."

"नियम असा आहे की मॉडेल आन्सरमध्ये दिलेलं रूप..."

"नियम गेला चुलीत!"

आता सगळा हॉल बघत होता. एक पेन घरंगळलं आणि टपकन पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"हे सहा मार्क गेले तर या पेपराचे चौतीस होतात," धाकटीचा आवाज चढला. "चाळीसला पास. मी बेरीज केली आहे. बरोबर उत्तर लिहून माणूस जन्माचा नापास होणार, आणि का? तर आपल्याला एक कंस उघडायचा कंटाळा!"

ताई खुर्चीतून उठली. पेपर तिने धाकटीच्या हातातून काढून घेतला, न चुरगळता, हळूच.

"जरा बाहेर या."

हॉलच्या मागे बेसिनची अरुंद जागा होती. तिथे चहाचे कप विसळून उलटे घातले होते आणि भिंतीवर टी-स्क्वेअर पट्ट्या टांगायच्या खुंट्या होत्या, रिकाम्या. ताईने दार लोटलं. नळ ठिबकत होता तो आवळून बंद केला. तरी ठिबकला.

"तमाशा करायची हौस भागली?"

"तुझी शून्यं काढायची हौस भागली का, ते सांग आधी." मॅडम आणि तुम्ही दाराच्या पलीकडेच राहिले होते. "तुला येत नाही का हे? तूच मला शिकवलंस, ताई! मोरीत कपडे धुता धुता पाठ करून घेतलंस माझ्याकडून. आणि तू शून्य देतेस? तू?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! दुसऱ्या कुणी दिलं असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, बिचाऱ्याला कळत नाही. तुला कळतंय. कळून सवरून तू..."

"समासात बघ," ताई म्हणाली.

"काय?"

"उत्तराच्या बाजूला. समासात काय काढलंय, ते बघितलंस का? का नुसताच मार्कांचा हिशेब केलास?"

धाकटीने पेपर खिडकीच्या उजेडात धरला. लाल समासरेषेच्या बाहेर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, पेन्सिलीने दोन लाटा काढल्या होत्या. एक उंच. तिच्या मागून येणारी दुसरी, बुटकी. उंच लाटेच्या शेंड्यापासून बुटकीच्या शेंड्यापर्यंत एक छोटा बाण.

तिचा राग जिथल्या तिथे थांबला.

हे चित्र जगात एकच माणूस काढायचा, आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. घरी तिन्ही मुलांना, थोरली, मधला आणि ही धाकटी, स्वयंपाकघराच्या दारामागच्या फळ्यावर शिकवायचे. साइन आणि कॉस एका उत्तरात आले की म्हणायचे, दोघांचं भांडण मिटवा, एका ओळीत आणा, मग बघा काय दिसतं ते. आणि दोन लाटा काढायचे. ही उंच लाट म्हणजे हाक. बाहेरून कुणीतरी मारलेली. आणि ही मागची म्हणजे तिला दिलेली ओ. ओ नेहमी उशिराच येते आणि हाकेपेक्षा हळू असते, हे या गणितात लिहूनच ठेवलं आहे, पोरांनो, त्याला कुणाचा इलाज नाही. मग मधला विचारायचा, आणि हा सी? बाबा हसायचे. तो रे सुरुवातीचा रुसवा. कितीही मोठा असू दे, वेळ गेला की विरतो. हे सांगून झालं की आतून पानं वाढल्याची हाक यायची. दोघी मुली धावत जायच्या. मधला मात्र फळ्यापाशीच. तिसऱ्या-चौथ्या हाकेला त्याची ओ यायची, ती पण पुटपुटल्यासारखी. म्हणून ताईने त्याचं नाव ठेवलं होतं घुम्या.

"दादा," धाकटी म्हणाली.

ताई बेसिनच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"अक्षर त्याचं नाही वाटत," धाकटी पेपराची पानं भराभर उलटू लागली. "त्याचं कसं, कोंबडी नाचून गेल्यासारखं. हे तर सुबक आहे."

"इतक्या वर्षांत सुधारलं असेल. आणि जुना अभ्यासक्रम आहे, छोटे. शेवटची संधी. त्याच्याशिवाय कोण? बाबांनी आपल्या तिघांशिवाय कुणाला शिकवलं हे चित्र? शाळेत तर हे गणितच नव्हतं."

दादा पदविकेला गणितात अडकला होता. सगळे विषय सुटले, गणित नाही. गणित येत नव्हतं असं नाही. परीक्षेला बसला की त्याला सुचायचंच नाही, पहिल्या प्रश्नावरच तासभर विचार करत राहायचा. बाबा गेले त्याच वर्षी तो तिसऱ्यांदा नापास झाला. निकाल लागला त्या संध्याकाळी घरात चार पाहुणे बसले होते आणि त्यांच्यादेखत ताई त्याला म्हणाली होती, बाबांच्या पोटी हे असलं कसं निपजलं, कुणास ठाऊक. धाकटी तेव्हा कोपऱ्यात चहाचा ट्रे धरून उभी होती. दादाने कुणाकडेही पाहिलं नाही. चपला घातल्या आणि गेला. नंतर कुणी म्हणालं तो कुठल्याशा वर्कशॉपमध्ये असतो, कुणी म्हणालं ते पण सोडलं. त्याने नंबर बदलला. ताईने पत्ता काढून दोनदा पत्र टाकलं, उत्तर नाही. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला की ताई उठून आत जायची.

"म्हणजे तुला माहीत होतं," धाकटी सावकाश म्हणाली. "रेघ ओढायच्या आधी तू ते चित्र बघितलं होतंस."

"हो."

"आणि तरी शून्य दिलंस."

"हो, दिलं! मग काय करू?" ताई गर्रकन वळली. "ओळखीचा पेपर निघाला तर लिहून द्यायचं, माहीत आहे ना? लिहून दिलं की पेपर दुसरीकडे जातो, निकाल राखून ठेवतात, चौकशी बसते. आणि दुसरीकडे तरी काय होणार? तिथेही हेच मॉडेल आन्सर, हेच शून्य. आणि गप्प बसून मार्क दिले, आणि उद्या कुणी बोट दाखवलं की दोन बहिणींनी मिळून भावाला पास केला, तर? त्याचा पास झालेला निकाल रद्द करतील. पुन्हा चारचौघांत त्याची लाज निघेल. आपल्यामुळे."

"म्हणून तू आधीच नापास करून मोकळी झालीस."

"नियमाने झाला, तर निदान..."

"निदान काय? निदान तुझ्या पदराला डाग लागणार नाही, हेच ना?" धाकटीचा आवाज आता खाली गेला होता, आणि तो जास्त वाईट होता. "तेव्हा तोंडाने नापास केलंस त्याला. आता पेनाने कर. तुला सवयच आहे."

ताईचा हात वर आला. धाकटीला वाटलं, बसली आता थोबाडीत. बसली असती तर बरंही वाटलं असतं. पण हात तसाच पुढे जाऊन भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीवर टेकला.

नळ ठिबकत होता.

खुंटीवरचा हात न काढता ताईने विचारलं, "उत्तर बरोबर आहे ना?"

"हे तू मला विचारतेस?"

"तपासनिसाला विचारतेय. उत्तर बरोबर आहे का?"

"शंभर टक्के."

"मग ते फक्त त्याचंच कसं बरोबर असेल?" ताई म्हणाली. तिने पदराने चेहरा पुसला, चष्मा लावला आणि दार उघडून हॉलमध्ये गेली. धाकटी पाठोपाठ.

ताईने टेबलावरचा डस्टर उचलून दोनदा आपटला.

"सगळ्यांनी पेनं खाली ठेवा. प्रश्न पाच ब. मॉडेल आन्सर अपुरं आहे. एका कॉसमध्ये लिहिलेलं उत्तरही बरोबर धरायचं आहे. झालेले सगळे गठ्ठे पुन्हा सोडा आणि हा प्रश्न पुन्हा तपासा."

क्षणभर कुणाला कळेना की ही थट्टा आहे की काय. मग एकच गलका उडाला. गठ्ठे बांधून झाले होते, दोऱ्यांना गाठी मारून झाल्या होत्या. पिशव्या आवरून झाल्या होत्या. संध्याकाळ झाली होती, पुष्कळांना घरी पोचायचं होतं. फटाफट सर तर उठून उभेच राहिले.

"मॅडम, वेड लागलंय का? माझे सगळे गठ्ठे झालेत! आणि मॉडेल आन्सर बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? वरून पत्र आलंय का?"

"वर मी कळवणार आहे. माझ्या सहीने. जबाब मागितला तर मी देईन."

"नापास पोरांसाठी? हे सगळं नापास पोरांसाठी?"

आणि मग जे झालं, ते त्या हॉलने पूर्वी पाहिलं नव्हतं. ताई चिडायची ती शीर दाखवून. आवाज कधी काढायची नाही. आज काढला.

"हो, नापास पोरांसाठी! ती नापास आहेत कारण त्यांना येत नाही, का ती नापास आहेत कारण आपल्याला बघायला वेळ नाही? सर, तुम्ही सकाळपासून पान बघितलंय का एक तरी? खरं सांगा! तुमच्या पेनाला डोळे आहेत का? एकेक माणूस वर्षानुवर्षं हा एक विषय छातीवर घेऊन जगतो. घर सोडतो. आणि आपण इथे बसून, जुळलं तर मार्क, नाही जुळलं तर भोपळा! लाज वाटायला पाहिजे. मला पण. मीच आज बरोबर उत्तरावर हिरवी रेघ मारली. या हाताने!"

तिने तो हात खरोखरच वर करून दाखवला. कुणी हसलं नाही.

"सोडा गठ्ठे," ती म्हणाली.

गाठी सुटायला लागल्या. काही तपासनीस पुटपुटत होते, एक बाई फोनवर घरी कळवत होत्या की भाजी चिरून ठेवा, मला उशीर होणार. ताई तो पहिला पेपर घेऊन फटाफट सरांच्या टेबलापाशी गेली.

"हा तुम्ही तपासा. सगळा, पहिल्यापासून. आम्हा दोघींच्या ओळखीचा असू शकतो, म्हणून आम्ही हात लावणार नाही. तसं मी लिहूनही देते. तुम्ही जे मार्क द्याल ते."

"ओळखीचा?" फटाफट सरांच्या डोळ्यांत एक चमक आली. आता हातात सापडला होता ना धागा! "असं होय. म्हणजे हा सगळा खटाटोप..."

"हो," ताई म्हणाली. "तो पण तुम्ही लिहून द्या वर. पण आधी तपासा."

सरांना असल्या उत्तराची अपेक्षा नव्हती. ते खाली बसले. ताई समोर उभीच राहिली, तेव्हा त्यांना पान बघावं लागलं. पहिलं पान, दुसरं पान. डावा हात सावकाश चालायला लागला. पाच ब आला. सरांनी कंस उघडला, कच्च्या कागदावर दोन ओळी केल्या, खाली आले तसे थांबले. मॉडेल आन्सर. तेच. लाल पेनाने सहा लिहिले. मग त्यांची नजर समासाकडे गेली.

"हे काय चित्र काढलंय?"

"असंच काहीतरी," ताई म्हणाली.

"नाही, म्हणजे," सरांनी कानाची पाळी खाजवली, "असलं माझ्याकडे पण एकात होतं. मला वाटलं पोराने वेळ जात नाही म्हणून काढलंय. भोपळा दिला मी त्याला."

धाकटी आपल्या जागेवरून उठली.

"कुठे आहे?"

सरांनी गठ्ठा विस्कटला. पेपर सापडला. गिचमिड अक्षर, ठिकठिकाणी खाडाखोड. शेवटच्या ओळीत एकच कॉस, आणि समासात दोन लाटा, उंच आणि बुटकी, मध्ये बाण.

"दोघं?" धाकटी म्हणाली. "दोघं कशी असतील?"

"माझ्याकडे पण आहे," मागून एक तपासनीस बाई म्हणाल्या. "लाटा ना? हा बघा."

"हे असं का? माझ्या गठ्ठ्यात दोन आहेत असले," भिंतीकडून आवाज आला. "मी एकाला दिला होता एक मार्क. कीव येऊन."

पेपर टेबलावर येऊन पडू लागले. उतरतं टेबल, त्यामुळे घसरत होते. धाकटी पोटाने अडवून धरत होती. तिरकं अक्षर, गोल अक्षर, मोठं, मुंगीएवढं. एकही एकासारखं नाही. लाटा मात्र सगळ्यांच्या त्याच. एका पेपरात तर कुणा सरळमार्गी जिवाने नीट नावंही घातली होती. उंच लाटेखाली लिहिलं होतं, हाक. बुटकीखाली, ओ. आणि सीला खूण करून कंसात: रुसवा.

धाकटीने तो शब्द वाचला. मग पुन्हा वाचला. एक माणूस परीक्षेला बसला असेल तर एकच पेपर असायला हवा होता. हे इतके होते. म्हणजे कुठेतरी एक खोली होती, तिच्यात एक फळा होता, आणि फळ्यासमोर अशी पोरं बसत होती ज्यांच्यावर सगळ्यांनी पाणी सोडलं होतं. आणि कुणीतरी त्यांना सांगत होतं, दोघांचं भांडण मिटवा, एका ओळीत आणा. घाई न करता. स्वतः पहिल्या प्रश्नावर तासभर थांबणाऱ्या माणसाला कसली घाई असणार?

"ह्यांचा मास्तर कोण आहे, कुणास ठाऊक," फटाफट सर म्हणाले. ते एकामागून एक पेपर ओढून घेत होते आणि, काय सांगावं, वाचत होते. "नापासांकडून हे करून घेतलंय म्हणजे माणूस चिवट पाहिजे."

"गाढव आहे," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती रागाने लालबुंद झाली होती. "एक नंबरचा गाढव! नऊ वर्षं! एक फोन करता येत नाही? मेला की जिवंत आहे, एवढं तरी कळवायचं! इथे माणसं..."

सर तोंड वासून बघत राहिले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती धाकटीने घेतली आणि नुसतीच हातात धरून ठेवली.

ताई खिडकीजवळ होती. हातात तो नावं घातलेला पेपर. ती वाचत नव्हती, नुसती त्या नखाएवढ्या चित्रावर अंगठा ठेवून उभी होती.

"मॅडम," फटाफट सरांनी हाक मारली. "या सगळ्यांना सहा-सहा दिलेत मी. हिरवी सही लागेल."

ताई हलली नाही.

"मॅडम?"

बाहेर कुणीतरी वर्गांची दारं लावत येत होतं. धाकटीने डोळे पुसले आणि बहिणीकडे पाहिलं.

"अहो मॅडम!"

"ओ," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सरांना तो ऐकूच गेला नाही. ती आली, खुर्ची ओढून बसली आणि हिरवं पेन उघडून तिने पहिला पेपर पुढे घेतला.